डमीशी बोलायला शिका : नर्सिंगच्या पहिल्या प्रॅक्टिकलआधी

बी.एस्सी. नर्सिंगला आलेल्या मुलामुलींना पेपरची भीती नवी नसते, बारावीला ती भोगून झालेली असते. प्रॅक्टिकलची भीती मात्र वेगळीच. पलंगावर पेशंटच्या जागी डमी, म्हणजे माणसाएवढी बाहुली, बाजूला चेकलिस्ट घेऊन उभ्या मॅडम, खुर्चीत एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक. आणि काल रात्री घडाघडा म्हणून दाखवलेली ट्रे सेटिंग (प्रोसिजरचं सामान ट्रेमध्ये मांडणं) ऐनवेळी आठवत नाही. मी काही वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स होते, आता पहिल्या वर्षाला फाउंडेशन, म्हणजे नर्सिंगचा पायाभूत विषय, शिकवते. एकामागून एक बॅच बघून माझं मत पक्कं झालंय : तिथे गडबडणाऱ्या बहुतेकांना प्रोसिजर येत असते. कुणी बघत असताना ती करायची सवय नसते. ही सवय लावता येते, आणि त्यासाठी स्किल लॅबइतकी, म्हणजे डमीवर सराव करायच्या खोलीइतकी, चांगली जागा नाही.

नर्सिंग शिकताना बाहुलीवर हात बसवायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. 1911 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेसाठी मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी माणसाच्या उंचीची बाहुली तयार केली. पेशंटला उचलणं, कूस बदलणं, कपडे बदलणं हे मुली तिच्यावर शिकत. सीपीआर (हृदय थांबल्यावर छातीवर दाब आणि श्वास देणं) शिकण्यासाठीची 'रेससी ॲन' ही बाहुली 1960 ची. हेतू तेव्हाही हाच होता की पहिली चूक जिवंत माणसाच्या अंगावर होऊ नये. भारतीय नर्सिंग परिषदेच्या 2021 च्या सेमिस्टर पद्धतीच्या अभ्यासक्रमात क्लिनिकल तासांपैकी 10 टक्क्यांपर्यंत सिम्युलेशन, म्हणजे लॅबमधला असा नकली पेशंटवरचा सराव, धरलेलं आहे. म्हणजे लॅबचे तास ही सवलत नाही, तुमचा हक्क आहे.

अडचण अशी की जिथे चुकायची मुभा असते, त्याच खोलीत परीक्षाही होते. तोच पलंग, त्याच मॅडम, तीच चेकलिस्ट. त्यामुळे मुलं सरावालाही परीक्षेसारखीच घाबरतात, रिटर्न डेमोला (मॅडमनी दाखवलेलं स्वतः करून दाखवताना) मागच्या रांगेत सरकतात, आणि ज्यांना सरावाची सर्वांत जास्त गरज असते त्यांचा हात डमीला सर्वांत कमी लागतो. म्हणून आम्हा शिक्षकांना सरळ विचारा, "मॅडम, आज शिकायचं आहे की मार्क आहेत?" हा उद्धटपणा नाही. उत्तर स्पष्ट मिळालं की निम्मी धाकधूक कमी होते. आणि शिक्षक म्हणून मला वाटतं, हे न विचारताच सांगणं आमचं काम आहे.

आता खरी गोष्ट. डमीशी बोला. मोठ्याने, मराठीत, अगदी पहिल्या दिवसापासून. चेकलिस्टमधले पहिले मुद्दे बघा : पेशंटची ओळख पटवणं, प्रोसिजर समजावून सांगणं, स्क्रीन लावणं, हात धुणं. हातांना अवघड काहीच नाही, तरी इथेच मार्क जातात, कारण निर्जीव डमीसमोर तोंड उघडायला संकोच वाटतो. "काकू, मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. तुमचं पूर्ण नाव सांगता का? तुमची नाडी आणि बीपी बघायचंय, हात असा सैल ठेवा." एवढी दोन-तीन वाक्यं प्रत्येक प्रोसिजरसाठी स्वतःच्या बोलीत लिहून ठेवा. नाव त्यांच्याकडूनच ऐकायचं. "तुम्ही अमक्याच ना?" असं विचारलं तर घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, इंग्रजीत होईल, पण वॉर्डातल्या आजी इंग्रजी बोलणार नाहीत, आणि व्हायवातलं इंग्रजीही आधी मराठीत विचार नीट लागला असेल तरच सुधारतं. माझ्याकडे मराठी माध्यमातून आलेल्या मुली याच वाटेने सावरल्या.

मैत्रिणीला डमीचा आवाज बनवा. ती डोक्याशी बसून म्हणेल, "सिस्टर, दुखेल का हो?", "मला उलटी होतेय", "माझ्या मुलाला बोलवा." मोठ्या कॉलेजांत महागडा डमी असतो, त्याची छाती हलते, नाडी लागते, आवाज काचेमागून येतो. तो नसला तरी मैत्रिणीच्या आवाजाने बराच फायदा होतो. दुसरीला चेकलिस्ट देऊन मुद्दाम गंभीर चेहऱ्याने समोर उभी करा. पहिल्या वेळी हसू येईल, नंतर येत नाही. डमीची मर्यादाही ओळखा : त्याची शीर सरकत नाही, तो हात मागे घेत नाही. लॅबमध्ये सुई छान लागली म्हणजे वॉर्डातही लागेलच असं समजू नका, आणि वॉर्डात नाही लागली म्हणून आपल्याला येत नाही असंही समजू नका.

घाईत काय बिघडतं हे सीपीआरमध्ये फार स्पष्ट दिसतं. मोठ्या माणसाच्या छातीवर दाब किमान 5 सेंटिमीटर, 6 पेक्षा जास्त नाही. वेग मिनिटाला 100 ते 120. 30 दाबांनंतर 2 श्वास. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. हे सगळ्यांना पाठ असतं. पण कुणी बघतंय म्हटलं की वेग वाढतो आणि छाती पूर्ण वर यायच्या आतच पुढचा दाब पडतो. उपाय साधा आहे, आकडे मोठ्याने म्हणा. आवाज स्थिर ठेवला की हात त्याच्यामागे येतात.

ऑस्की ही एकामागून एक स्टेशनांवर जाऊन द्यायच्या प्रॅक्टिकल परीक्षेची, 1975 पासून माहीत असलेली पद्धत. स्कॉटलंडमधल्या डंडीचे रोनाल्ड हार्डन यांनी ती मांडली. एकाच परीक्षकाच्या मर्जीवर निकाल ठरू नये म्हणून वेगवेगळी स्टेशनं, प्रत्येकावर ठरलेली मिनिटं, मग बेल. खरं तर ती विद्यार्थ्याच्या बाजूची पद्धत आहे : एक स्टेशन बिघडलं तरी बाकीची शाबूत असतात. पण मुलं बिघडलेलं स्टेशन डोक्यात घेऊन पुढच्यावर जातात आणि तेही घालवतात. बेल वाजली की दारावरचा प्रश्न दोनदा वाचायचा, मगच आत जायचं. एवढा नियम पाळा. काही स्टेशनांवर परीक्षक नसतो, फक्त गणित असतं. 500 मिली सलाइन 8 तासांत द्यायचंय आणि सलाइनच्या नळीच्या सेटचे 20 थेंब म्हणजे 1 मिली, तर 500 गुणिले 20 भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. तासांची मिनिटं करायला विसरणं ही घाईतली नेहमीची चूक. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलं की ती लगेच दिसते.

शरीराकडेही बघा. प्रॅक्टिकल रोल नंबरने चालते, शेवटच्या नंबरांना तासन्‌तास उभं राहावं लागतं. गुरुवारचा किंवा चतुर्थीचा उपवास परीक्षेच्या दिवशी आला तर निदान केळं, दूध, शेंगदाण्याचा लाडू असं काही पोटात असू द्या. श्रद्धेला त्याने धक्का लागत नाही, आणि उपाशीपोटी थरथरणारा हात डमीलाही नीट इंजेक्शन देऊ शकत नाही. परीक्षा देऊन बाहेर आलेलीला "काय विचारलं?" म्हणून घेरू नका, आणि तुम्ही बाहेर आलात की सरळ हॉस्टेलला जा.

एका ताणाबद्दल कमी बोललं जातं. परीक्षेच्या तोंडावर पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीवर, पहिला मृत्यू बघितला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी डमीवर प्रोसिजर करायची असते. लॅबमध्ये सरावाचा प्रसंग संपल्यावर सगळे बसून बोलतात, काय झालं, कसं वाटलं, पुढे काय वेगळं करू. तशी बैठक वॉर्डातल्या प्रसंगानंतरही मागा. ट्यूटरकडे, नाहीतर इंचार्ज सिस्टरकडे. झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर परीक्षा संपायची वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि प्रॅक्टिकल राहिली तर? थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळे 50 टक्के लागतात, त्यामुळे लेखी उत्तम असणाऱ्याही अडकतात. निकालानंतर त्याच आठवड्यात ट्यूटरकडे जा, कुठल्या पायऱ्यांवर मार्क गेले ते विचारा आणि लॅब उघडी मिळण्याची वेळ ठरवून घ्या. सोबत मैत्रीण न्या, आवाजासाठी.