फियाटच्या चकचकीत पट्ट्या बदलताना

जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी गाडी, रंगवून आणली की मालकाला बाहेरच्या चकचकीत पट्ट्या लावायची घाई होते. त्याला पहिलं सांगणं हेच, की पट्टी हे शेवटचं काम. खरं काम तिच्या मागच्या, क्लिप बसतात त्या पत्र्यातल्या भोकांचं. पावसाचं पाणी तिथूनच दारात उतरतं आणि पत्रा आतून खातं.

आधी जुनी पट्टी काढू. कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायची नाही. पट्टी पिळली की तिची लाट कायमची राहते. दाराचं पॅड, म्हणजे आतलं अस्तर, उतरवा, आत हात घाला. टोकाकडच्या क्लिपला बहुधा मागून छोटं नट असतं, मधल्या नुसत्या दाबून बसवलेल्या. नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पुढच्या मडगार्डच्या मागे चाकाच्या बाजूने जावं लागतं आणि तिथे चिखलाचा थर असतोच. बाहेरून पत्र्यावर मास्किंग टेप लावा, पट्टीखाली प्लास्टिकची पाती सरकवा आणि एकेका क्लिपजवळ थोडं थोडं उचला. काढलेल्या प्रत्येक तुकड्याला आतून टेप लावून 'डावं पुढचं दार' असं लिहा. आठवणीच्या भरवशावर राहू नका.

जुनी पट्टी भंगारात टाकू नका. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत नवी मिळेलही, पण बाजारातला माल पुष्कळदा पातळ असतो आणि वळणावर नीट बसत नाही. डुक्कर फियाटची, म्हणजे पद्मिनीच्या आधीच्या जुन्या फियाटची, पट्टी पद्मिनीला चालेल असं कुणी म्हणालं तर हसून पुढच्या दुकानात जा.

धातू ओळखल्याशिवाय पॉलिशला देऊ नका. हलकी, मऊ, पांढरट पडलेली असेल तर ॲल्युमिनियम. तिच्यावरचा ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेने चढवलेला संरक्षक थर कॉस्टिक सोड्याने उतरवावा लागतो. तो उद्योग घरी करू नका. जड, लोहचुंबकाला न चिकटणारी आणि खाली फोड आलेली वस्तू बहुतेक मजाकची, म्हणजे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची. गाडीच्या नावाच्या अक्षरांची ही नेहमीची तऱ्हा. त्यांच्या मागच्या पिना काडीसारख्या मोडतात, म्हणून आधी हेअर ड्रायरने ऊब द्या आणि मागचं स्पीड नट, म्हणजे पिनेवर दाबून बसवलेली पत्र्याची चकती, सोडवा. क्रोम अगदी पातळ असतं, चमक खरी खालच्या निकलची. म्हणून खड्डे बुजवल्याशिवाय नुसतं क्रोम चढवून उपयोग नाही.

स्टेनलेसची पट्टी मात्र घरी सुधारते, आणि मला या सगळ्यात तेच काम आवडतं. आतल्या पोकळीच्या आकाराचा सागवानी ठोकळा तासून घ्या. पट्टी पालथी मऊ लाकडावर ठेवा, ठोकळा आत बसवा आणि पोच आलेल्या जागी हलक्या हाताने ठोका. चार ठोके, मग पट्टी उजेडाकडे तिरकी धरून बघा. ट्यूबलाइटची रेघ जिथे मोडते तिथे पोच अजून आहे. पोच थोडी बाहेरच्या बाजूला फुगली की थांबा, तेवढी बारीक कानशीने उतरवा. मग ४००, ८००, १२०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासह, एकाच दिशेने. शेवटी बफ, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमक. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात बफवाले मिळतात, पण पट्टी हातात देताना सांगा की कडा जास्त दाबू नको, कडेचा पत्रा झिजून धारदार होतो.

आता भोकं. पेंटरने लांबी (पुट्टी) भरून बुजवली असतील तर दाराच्या आतून टॉर्च लावून शोधा. ड्रिल आतून चालवा, शेवटचा पापुद्रा हाताने काढा. नाहीतर बाहेरचा रंग उडतो. भोकाची कड उघड्या पत्र्यापर्यंत घासा, रेड ऑक्साइडचे दोन हात, वर रंग, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबा. मगच क्लिप. भोकाभोवती ब्यूटिल टेपची, म्हणजे रबरासारख्या मऊ चिकट टेपची, वळी लावा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन इथे नको, त्यातलं ॲसिड पत्र्याला गंज आणतं. पट्टीची खालची कड कधीच बंद करू नका, आत गेलेलं पाणी तिथूनच निघायचं. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात थेट चिकटले तर ॲल्युमिनियम आधी कुजतं, म्हणून क्लिपवरही रंगाचा हात.

बसवताना पुढच्या मडगार्डपासून मागपर्यंत दोरा ताणा. दारं आधी रेषेत हवीत. दार खाली लोंबलेलं असेल तर पट्टी सगळ्या जगाला ते सांगते, तेव्हा आधी बिजागरीचं बघा. सुरुवात दारांपासून, मडगार्ड नंतर. क्लिप आधी पट्टीच्या खाचेत सरकवून भोकांसमोर आणा, मग वरची कड अडकवून खालची तळहाताने दाबा. हातोडी नको. नट कसण्याआधी दार हळूहळू उघडून बघा: पद्मिनीच्या दाराची पुढची कड आत वळते, त्यामुळे दारावरच्या पट्टीचं टोक मडगार्डवरच्या पट्टीला घासू शकतं. घासलं तर रंग गेलाच. दोन टोकांमध्ये तीनएक मिलिमीटर जागा ठेवा.

पॅड लगेच लावू नका. नळी लावून दारावर पाणी सोडा, आणि कुणाला तरी आत टॉर्च घेऊन बसवा. थेंब दिसला की त्या क्लिपचं नट अर्धा फेरा कसा. तरीही गळत असेल तर क्लिप काढून ब्यूटिल नव्याने लावा. आतला प्लास्टिकचा कागद पॅडाखाली परत चिकटवायला विसरू नका.