पावसाळ्यात सायकल घरात: ट्रेनरची तयारी

जून लागला की गोव्यातली सायकल घरात येते आणि चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावर हळूहळू बाहेर पडते. मिरामारची आयर्नमॅन ७०.३ ही पोहणे-सायकल-धावणे अशी तिहेरी स्पर्धा २०१९ साली पहिल्यांदा झाली ती ऑक्टोबरात, आणि पुढेही ऑक्टोबर-नोव्हेंबरातच होत आली आहे. म्हणजे तिच्या ९० किलोमीटर सायकलीची तयारी नेमकी पावसात येते. ती ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवर धरून घरातच पेडल मारायच्या यंत्रावर, फसते ती बहुतेक वेळा खोलीमुळे. पायांचा दोष कमीच. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना तेवढाच वारा अंगावर येतो, खोलीत तो शून्य. त्यात हवा दमट, घाम वाळत नाही, अंग निवत नाही, आणि पायांचा जोर तोच २०० वॉट ठेवताना ठोके मात्र चढत राहतात. म्हणून यादी पंख्यापासून सुरू करायची.

छताचा पंखा जमेत धरू नका. उभा पंखा पुढच्या चाकापासून हातभर पुढे ठेवा, झोत तोंडावर नको, छातीवर हवा. दुसरा असेल तर तिरका पाठीवर. पाऊस मारत नाही त्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. एसी असेल तर अर्धा तास आधी लावून हवा कोरडी करून घ्या, पण पंखे तरीही लागतातच. बाल्कांवात (पुढच्या पडवीत) ट्रेनर मांडायचा मोह होतो, तिथे वारा झकास असतो. साधा फ्लुइड ट्रेनर (आतल्या तेलाने ओढ देणारा) असेल तर खुशाल मांडा. विजेवर चालून ओढ आपोआप बदलणाऱ्या स्मार्ट ट्रेनरला मात्र शिंतोडे आणि खारी हवा सोसत नाही. त्याच्यावर रात्री प्लास्टिक टाकू नका, आत दमट हवा कोंडते. जुनी चादर पुरे. गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवायचा. इन्व्हर्टरवर पहिला हक्क पंख्याचा, मग राउटरचा. वीज गेली आणि पंखाही थांबला तर तो सेट तिथेच सोडा.

लादीवर जाड रबरी चटई अंथरा. घाम तिच्यावरच राहतो आणि खालच्या मजल्यावरच्यांना घरघर कमी ऐकू जाते.

आता सायकल. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर (मागचे चाक काढून सायकल थेट त्याच्यावर बसते) असेल तर त्याची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, तुमच्या गिअरइतक्याच स्पीडची हवी. ११ स्पीडच्या बॉडीवर (कॅसेट चढते तो भाग) १० स्पीडची कॅसेट बसवताना मागे १.८५ मिलिमीटरची चकती घालावी लागते. ती राहिली की कॅसेट आवळूनही हलते. कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळा. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्याबरोबर पॅडांच्या मध्ये प्लास्टिकची फाचर सरकवा. चुकून लिव्हर दाबली गेली तर पिस्टन बाहेर येतात आणि पॅड चिकटून बसतात. चाकावर रोलर टेकणारा ट्रेनर असेल तर मागे ट्रेनरचा टायर लावा, हवा दर वेळी सारखीच भरा आणि रोलर दर वेळी तेवढेच फेरे आवळा. हवा आज ९०, उद्या ७० पीएसआय असेल तर वॉटच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही. स्पिन-डाउन (वेग घेऊन पाय थांबवून आकडे जुळवणे) मागणारा ट्रेनर असेल तर तो दहा मिनिटे पेडल मारून गरम झाल्यावरच करा.

पिण्याचे दोन बिडन (सायकलच्या बाटल्या) जवळ ठेवा. ७५० मिली पाण्यात पाव चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे साखर, कोकम आवडत असेल तर तेही. कोकमाचे आगळ घालत असाल तर त्यात मीठ आधीच असते, चव घेऊनच वरचे मीठ ठरवा. आधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा: एक किलो उतरले तर प्यायलात त्याहून साधारण लिटरभर जास्त घाम गेला, पुढच्या वेळी तेवढे धरून भरा. दोन टॉवेल हवेत, एक तोंडाला आणि एक हँडलवर आडवा.

हा दुसरा टॉवेल चैनीचा नाही. घाम ठिबकतो तो नेमका स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टांवर आणि हेडसेटच्या (हँडल वळते त्या सांध्याच्या) वरच्या बेअरिंगवर. हँडलवर गुंडाळलेल्या बारटेपखाली झिरपलेला घाम तर दिसतही नाही. टेप सोडला की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि खाली खड्डे सापडतात. तसे हँडल पुन्हा रस्त्यावर नेऊ नये. दर वेळी ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. आठवड्यातून एकदा बोल्ट एकेक काढून ग्रीस लावा आणि स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच आवळा. बुटांत वर्तमानपत्र कोंबून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी.

एफटीपीची (साधारण तासभर टिकतील तेवढ्या वॉटची) चाचणी घरात वेगळी घ्या: २० मिनिटांची सरासरी गुणिले ०.९५. रस्त्यावरचा आकडा खोलीत बहुधा जड जातो, त्यात कमीपणा नाही. पहिले काही आठवडे १५ मिनिटे वॉर्मअप, मग त्या आकड्याच्या ९० टक्क्यांवर २० मिनिटे दोनदा, मध्ये ५ मिनिटे हलके, एवढे पुरते. दुसऱ्या वीस मिनिटांत त्याच वॉटला ठोके दहाने चढले तर आधी पंखा बघा, मग वॉट कमी करा. अर्ग मोडमध्ये (ठरवलेले वॉट ट्रेनर स्वतःच राखतो) केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, पडली की ट्रेनर आणखी आवळतो, पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पेडल रुतते. तेव्हा झटापट करू नका. पाय थांबवा, ओढ सुटू द्या, ९५ च्या केडन्सने पुन्हा घुसा. खोलीत उतार नाही, सिग्नल नाही, पाय एकदाही सुटे होत नाहीत, त्यामुळे इथला तास रस्त्यावरच्या तासापेक्षा भारी पडतो. सायकल डुलत नाही म्हणून बूडही लवकर दुखते. दर दहा मिनिटांनी वीस सेकंद उभे राहून मारा.

वळण, ब्रेक आणि खड्डा चुकवणे मात्र ट्रेनरवर शिकता येत नाही. स्पर्धेच्या निदान चार आठवडे आधी, उघडीप बघून, आठवड्यातून दोनदा बाहेर पडा. त्याआधी ट्रेनरचा टायर उतरवाच. त्याचे रबर कडक असते, ओल्या डांबरावर पकड नसते. पॅडांमधली फाचर काढा, एक्सल घट्ट आहे का बघा. चाकावरची कॅसेट ट्रेनरच्या कॅसेटशी केसभर जुळत नाही, म्हणून गिअर खडखडला तर गिअरच्या केबलचा ताण बदलणारा बॅरल पाव फेरा फिरवून बघा. पहिली फेरी पणजी-रायबंदर-जुने गोवे अशी सपाट ठेवा, फर्मागुडीचा चढ दुसऱ्या आठवड्यात घ्या. जुन्या पुलानेच मांडवी ओलांडा, अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. चोडण-दिवाडीकडे गेलात तर फेरीबोटीच्या धक्क्यावर सायकल हातात धरून उतरा. तिथल्या शेवाळावर सायकलच्या बुटांच्या तळाचे, पेडलमध्ये अडकणारे क्लीट साबणासारखे सरकतात.