मॅथ रॉक बँडचा नवा अल्बम : ऐकावा कसा आणि त्यावर मत द्यावे कसे

नवे अल्बम आता बहुधा शुक्रवार लागताच, म्हणजे रात्री बाराच्या ठोक्याला, फोनवर येतात आणि सकाळी एसटी स्टँडवर कॉलेजची गाडी लागेपर्यंत त्यांचा निकालही लावून झालेला असतो. ‘पहिल्यासारखं नाही राह्यलं बे आता’ आणि ‘एक नंबर, भाऊ’ ही दोन वाक्ये वगळली, तर त्या निकालात हाती लागण्यासारखे फारसे काही नसते. साध्या रॉक संगीताच्या बाबतीत एवढ्यावर भागते, कारण चाल मनात बसली की नाही हे पहिल्याच ऐकण्यात कळते. मॅथ रॉकचे तसे नाही. त्यात मात्रांची संख्या गाण्याच्या मध्येच बदलते, दोन गिटारी दोन वेगळ्या हिशेबांनी चालतात आणि प्रथम जे अडखळल्यासारखे वाटते ते पुष्कळदा मुद्दाम तसे बसवलेले असते. म्हणून अशा अल्बमबद्दल बोलण्याआधी ऐकण्याची आणि मोजण्याची एक रीत ठरवून घ्यावी. येथे सांगितलेली रीत वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतील खेड्यांत राहून हे संगीत ऐकणाऱ्यांच्या सोयी-गैरसोयी ध्यानात घेऊन लिहिली आहे.

पहिले काम नव्या अल्बमचे नव्हेच. तो येण्याआधीच्या आठवड्यात त्याच बँडचा मागचा अल्बम सलग ऐकावा आणि आता बँडमध्ये कोण वाजवत आहे याची माहिती करून घ्यावी. ही माहिती नसली की तक्रार चुकीच्या दाराशी जाते. बॅटल्स या अमेरिकी बँडचे उदाहरण घ्यावे. २००७ च्या ‘मिरर्ड’ या अल्बममध्ये टायोंडाई ब्रॅक्स्टनचा यंत्राने बदललेला, चिरका आवाज हा अनेक गाण्यांचा चेहराच होता. २०१० मध्ये तो बाहेर पडला आणि २०११ चा ‘ग्लॉस ड्रॉप’ उरलेल्या तिघांनी, काही गाण्यांना पाहुणे गायक बोलावून, पूर्ण केला. २०१९ चा ‘ज्यूस बी क्रिप्ट्स’ आला तेव्हा इयन विल्यम्स आणि ड्रमर जॉन स्टॅनियर हे दोघेच राहिले होते. आता ‘ग्लॉस ड्रॉप’ ऐकून ‘तो आवाज कुठे गेला’ असे कोणी म्हटले, तर ते म्हणणे खरे असले तरी ते अल्बमवरचे मत नाही; ती गेलेल्या माणसाची आठवण आहे. दोन्हींना जागा आहे, पण एकमेकांत मिसळू नयेत.

दुसरी बाब दोन्ही कानांची आहे, आणि आमच्याकडील निम्मी भांडणे येथेच सुरू होतात. एकाच इअरफोनचे एक टोक एकाच्या कानात आणि दुसरे टोक दुसऱ्याच्या, अशा रीतीने बसच्या बाकावर संगीत ऐकण्याची आपली सवय जुनी आहे. मॅथ रॉकच्या ध्वनिमुद्रणात मात्र एक गिटार बहुतेक डावीकडे आणि दुसरी उजवीकडे ठेवलेली असते, कारण दोघींची गुंतागुंत वेगवेगळी ऐकू यावी हाच हेतू असतो. अशा वेळी डाव्या कानाच्या मित्राला एकच सूरमालिका पुन्हापुन्हा ऐकू येते आणि तो गाणे कंटाळवाणे ठरवतो, तर उजव्या कानाच्या मित्राला तुटक तुटक उत्तरे ऐकू येतात आणि तो गाणे विस्कळीत ठरवतो. दोघेही आपल्यापुरते खरे बोलत असतात. गाणे मात्र दोघांपैकी एकानेही ऐकलेले नसते. तेव्हा मत द्यायचे असेल त्या दिवशी वायरचा साधा इअरफोन का होईना, दोन्ही कानांत एकाच माणसाने घालावा. ब्लूटूथचा छोटा स्पीकर बहुधा डावे-उजवे एकत्र करून टाकतो, म्हणून तो पारावर बसून गप्पा मारण्यापुरता ठीक आहे, निकालासाठी नाही.

फोनमधील बास वाढवण्याची सोय आधी बंद करावी. वरातीतल्या डीजेने आपल्या कानांना खर्जाची जी चटक लावली आहे तिला या संगीतात उत्तर नाही. बास वाढवला की स्नेअरवरचे, म्हणजे ड्रमसेटमधल्या तडतडणाऱ्या छोट्या ड्रमवरचे, हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके दबतात आणि ड्रमरची निम्मी कारागिरी त्यांतच असते. अल्बम शक्यतो चांगल्या दर्जात आधीच उतरवून ठेवावा. ३२० केबीपीएस दर्जाच्या तासाभराच्या संगीताला साधारण १४४ एमबी लागतात, म्हणजे रोजच्या डेटात ते सहज बसते. रेंज अर्धवट असताना थेट ऐकायला गेले की दर्जा आपोआप उतरतो आणि सिम्बलचा, म्हणजे ड्रमसेटच्या झांजेचा, आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. त्याचा राग मग बँडवर निघतो.

ऐकण्याची वेळ निवडताना एक सावधगिरी सांगणे भाग आहे. शेतीपंपाची लाईट रात्रीची असते तेव्हा हरभऱ्याला पाणी देत असताना दोन-तीन तास रिकामे मिळतात आणि ते संगीताला उत्तम वाटतात. परंतु ओलितात फिरताना दोन्ही कान बंद ठेवू नयेत. रानडुक्कर आणि साप यांना आपल्या अल्बमचे सोयरसुतक नाही. बांध फोडून पाणी लावून दिल्यावर मचाणावर किंवा मोटरघराच्या ओट्यावर बसून ऐकावे, किंवा सरळ घरी ऐकावे.

पहिले ऐकणे काही न मोजता, न थांबवता आणि न बोलता करावे. दुसऱ्या वेळी मोजायला बसावे. बहुतेकांना वाटते की मोजायचे म्हणजे ड्रम मोजायचे, आणि तेथेच घोळ होतो. आधी गिटारची सूरमालिका धरावी, ती पुन्हा सुरू होते ती जागा म्हणजे सम मानावी आणि दोन समांमध्ये किती ठोके बसतात ते बोटांवर मोजावे. सात आले तर गावातल्या भजनात बसलेल्या माणसाला ते परके नाहीत; रूपक तालात बांधलेले अभंग त्याने ऐकलेले असतात, आणि ‘ती ती ना, धी ना, धी ना’ मनात म्हणत गेले की सातांचा फेरा सापडतो. पाचांची सूरमालिका असेल तर तिचे दोन फेरे झपतालाच्या दहा मात्रांत बसतात. मात्र विभागणी जुळेलच असे नाही. रूपक तीन-दोन-दोन असा चालतो, तर गिटारवरचे सात पुष्कळदा चार-तीन किंवा दोन-दोन-तीन असे पडतात. तेव्हा बोलांचा आधार मोजण्यापुरता घ्यावा.

येथे एक गंमत हमखास होते. सात जलद ठोक्यांचा फेरा चालू असताना आपण दर दोन ठोक्यांना पाय आपटत असलो, तर पहिल्या फेऱ्यात सम पायावर येते, दुसऱ्यात दोन पायांच्या मध्ये पडते आणि तिसऱ्यात पुन्हा पायावर येते. ऐकणाऱ्याला वाटते की ड्रमर घसरला आणि सावरला. ‘हे मधातच अडखळते काहून बे?’ हा प्रश्न येतो तो येथूनच. सात ही विषम संख्या आहे, एवढेच त्याचे कारण. दुसरा प्रकार याहून रंजक आहे : गिटार सातांत आणि ड्रम चारांत चालतात, दोघे आपापल्या वाटेने जातात आणि अठ्ठावीस ठोक्यांनी एकाच समेवर येतात. गिटार पाचांत असेल तर ही भेट वीस ठोक्यांनी होते. ही भेटीची जागा सापडली की गाण्याबद्दलचे मत अनेकदा तेथल्या तेथे बदलते, आणि ती सापडेपर्यंत मत न दिलेलेच बरे.

मोजणी जमत नसेल तर गावातील खंजिरी वाजवणाऱ्या एखाद्या जाणत्या काकांना ते गाणे ऐकवावे. गुरुकुंज मोझरीच्या परिसरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरीचा हात घरोघर आहे आणि त्या हाताला लय आधी कळते, संगीताचा प्रकार मागून. काका पहिल्यांदा ‘हे काय लावलं बाप्पा’ म्हणतील, ते मनावर घेऊ नये. त्यांना फक्त टाळी धरायला सांगावी. टाळी जेथे चुकेल तेथील मिनिट आणि सेकंद लिहून घ्यावे. आपल्या तालात एकदा धरलेला फेरा सहसा शेवटपर्यंत तोच राहतो, तर मॅथ रॉकमध्ये सात, सात, सात आणि मग एकदम आठ असा बदल चालतो. म्हणून काकांची टाळी जेथे उघडी पडते तेथे संगीतकाराने नक्की काहीतरी केलेले असते. आपल्या कानाला निसटलेली जागा दाखवणारे याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

आता चाहत्यांच्या नेहमीच्या प्रतिक्रिया आणि त्यांचे काय करावे, याकडे वळता येईल. ‘पहिल्यासारखं नाही’ या तक्रारीला एकच प्रश्न विचारावा : पहिले म्हणजे कोणते, आणि ते तेव्हा कसे वाटले होते? अमेरिकन फुटबॉल या बँडचा पहिला अल्बम १९९९ मध्ये आला, त्यानंतर लवकरच बँड थांबला आणि दुसरा अल्बम थेट २०१६ मध्ये आला. मधल्या सतरा वर्षांत पहिल्या अल्बमभोवती श्रोत्यांचे एक अख्खे तारुण्य जमा झाले होते. दुसऱ्या अल्बमला त्याच्याशी झुंजावे लागले. कॉलेज संपतानाच्या वयात केलेल्या अल्बमची आणि घरसंसारी माणसांनी केलेल्या अल्बमची तुलना जरूर करावी, पण गिटारची गुंफण, गायनाची जागा, ड्रमची मांडणी अशा एकेका अंगाने करावी. एकूण ‘मजा नाही’ या शब्दांत ती होत नाही.

‘आता गाऊ लागले’ ही तक्रार वाद्यसंगीताच्या चाहत्यांची ठरलेली आहे. ती करण्याआधी बँडचा इतिहास पाहावा. जपानच्या टो या बँडचे बहुतेक काम वाद्यांचेच आहे, तरीही काही गाण्यांत गायन पूर्वीपासून आहे. त्याच देशातील ट्रायकॉट तर गायनासकटच उभा राहिला. गायन आले ही तक्रार होऊ शकत नाही. गायन येताच गिटारने हिशेब सोडून नुसती साथ धरली असेल, तर ती खरी तक्रार आहे आणि कोणत्या गाण्यात तसे झाले ते सांगता येते.

‘नुसती कसरत आहे’ हा आरोप कधीकधी रास्त असतो. असेही अल्बम निघतात ज्यांत दर चार सेकंदांना मात्रा बदलते आणि एकही जागा मनात राहत नाही. उलट ‘सोपे केले’ असे म्हणणाऱ्याने, गिटार हाताशी असल्यास, तो तुकडा वाजवून पाहावा. अमेरिकन फुटबॉलच्या ‘नेव्हर मेन्ट’ची गिटार नेहमीच्या पद्धतीने न जुळवता एफ-ए-सी-जी-सी-ई अशी जुळवलेली आहे; कानाला सरळ वाटणारी ती सूरमालिका साध्या जुळणीवर धरायला गेले की बोटे पुरत नाहीत.

मत लिहिताना क्रम असा ठेवावा : गाणे कोणते, जागा कोणती, तेथे काय घडते आणि मग आवडले की नाही. ‘ड्रम बेकार आहेत’ याऐवजी ‘तिसऱ्या गाण्यात दोन मिनिटांनंतर गिटार पाचांत जाते, पण ड्रम चारांतच राहतात आणि वीस ठोक्यांनी जी सम यायला हवी तिथे ड्रमर जोर देत नाही, म्हणून मला ती भेट जाणवली नाही’ असे लिहावे. समोरचा माणूस ती जागा लावून ऐकू शकतो आणि ‘जोर आहे, पण तो बास गिटारवर आहे’ असे उत्तर देऊ शकतो. मग भांडणही ऐकण्यासारखे होते.

चार-पाच जण एकत्र ऐकणार असतील तर अल्बम संपेपर्यंत कोणी बोलू नये आणि बोलण्याआधी प्रत्येकाने एक ओळ कागदावर लिहावी. गिटार वाजवणाऱ्याचे मत शेवटी घ्यावे, कारण त्याने तोंड उघडले की बाकीचे माना हलवतात.

घाईचे म्हणाल तर स्लिंट या अमेरिकी बँडचा ‘स्पायडरलँड’ १९९१ मध्ये बाजारात आला तेव्हा बँड आधीच फुटला होता, अल्बमसाठी दौरा झाला नाही आणि त्या वेळी त्याकडे थोड्यांचेच लक्ष गेले. मॅथ रॉकचा विषय निघाला की आज त्याचे नाव पहिल्या काहींत घेतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात लिहिलेले मत खोडून टाकू नये. त्यावर तारीख घालावी, कापसाचा पहिला वेचा संपला की अल्बम पुन्हा ऐकावा आणि नवे मत जुन्याच्या खाली लिहावे.

कोणी ‘कसा आहे?’ असे विचारले तर अख्ख्या अल्बमची लिंक पाठवू नये. एकच गाणे पाठवावे, आणि तेही बँडने आधी प्रसिद्ध केलेले नव्हे, तर ज्याचा फेरा तुम्हाला टाळीवर धरून दाखवता येतो ते. सोबत किती मात्रा मोजायच्या ते लिहावे आणि इअरफोन दोन्ही कानांत घालायला सांगावे.