ग्रिमच्या गोष्टींतली राज्यं नकाशावर कशी शोधावीत

सहावीला भूगोल शिकवताना मी ग्रिम बंधूंनी लोकांकडून ऐकून गोळा केलेल्या जर्मन परीकथा हाताशी ठेवते. मुलांचा हमखास प्रश्न येतो : एवढे राजे आले कुठून? आजच्या जर्मनीच्या नकाशात त्याचं उत्तर नाही. १८०६ पूर्वीचा, पवित्र रोमन साम्राज्याचा नकाशा काढा. तीनशेच्या आसपास लहानमोठी संस्थानं दिसतील. जंगल ओलांडलं की दुसऱ्याची हद्द, हे तिथे खरोखर घडायचं.

आता फुल्डा नदीवरचं कासेल शोधा. १८१२ साली पहिला खंड निघाला तेव्हा दोघे भाऊ इथेच राहत होते. गावात राज्य होतं नेपोलियनच्या धाकट्या भावाचं, जेरोमचं, आणि याकोब ग्रिम त्याचा ग्रंथपाल होता. १८०७ मध्ये उभं राहिलेलं ते राज्य १८१३ मध्ये मोडलंसुद्धा.

मग गोष्टीतली माणसं बघा. राजापेक्षा शिपाई जास्त सांगतो. नोकरी सुटलेला, खिशात दमडी नसलेला शिपाई या कथांत वारंवार भेटतो. हेसे-कासेल या संस्थानाचे राजे पैसे घेऊन आपल्या पलटणी परक्यांना देत. १७७६ पासून हजारो जवान इंग्लंडच्या बाजूने लढायला अमेरिकेत गेले. ग्रिमना गोष्टी सांगणाऱ्यांत क्राउझे नावाचा एक म्हातारा माजी घोडेस्वार होता. गोष्टींच्या बदल्यात तो जुन्या विजारी घ्यायचा. हे वाचल्यापासून त्या कथांतली भूक मला कल्पनेतली वाटत नाही.

किल्ल्यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. कासेलच्या उत्तरेला, राइनहार्ड्सवाल्डच्या जंगलात साबाबुर्ग आहे. झोपलेल्या राजकन्येचा किल्ला म्हणून तो पर्यटकांना दाखवतात. पण ती गोष्ट ग्रिमना सांगणाऱ्या मारी हासेनप्फ्लुगच्या आईचं घराणं मूळचं फ्रेंच, आणि फ्रान्समध्ये पेरो या लेखकाने ती १६९७ मध्येच छापली होती. म्हणून कुठलीही गोष्ट किल्ल्याला चिकटवण्याआधी ती कोणी सांगितली ते तपासा.

शेवटी फुल्डाच्या प्रवाहाबरोबर खाली या. म्युंडेन गावाशी तिला वेरा नदी मिळते, पुढे तिचीच वेझर होते आणि तिच्या काठी हामेल्न लागतं. बासरी वाजवत गावातली मुलं घेऊन गेलेल्या बासरीवाल्याच्या कथेला गाव आहे, तारीखही आहे : २६ जून १२८४, मुलं १३०. आधी त्याने गावातले उंदीर पळवले, हा भाग सोळाव्या शतकात जोडला गेला. ग्रिमनी ही कथा परीकथांत घातली नाही, १८१६ च्या दंतकथासंग्रहात घेतली. त्यामुळे हामेल्नवर शाईने सालासकट खूण करा. बाकीच्या राज्यांभोवती पेन्सिलीचं वर्तुळ पुरे.