जीपीजीचे मदतनीस प्रोग्राम वापरताना या चुका टाळा

फायली आणि मेसेज एन्क्रिप्ट करणारं, त्यांवर डिजिटल सही करणारं ग्नूपीजी अडलं की लोक सगळा राग ‘जीपीजी’ या एका कमांडवर काढतात. पण २०१४ साली २.१ आवृत्ती आली तेव्हापासून खासगी की सांभाळण्याचं काम त्या कमांडकडे राहिलेलं नाही. ते जीपीजी-एजंट हा मागे चालणारा डेमन करतो. पासफ्रेज (की उघडण्याचा गुप्त मजकूर) विचारणं, थोडा वेळ लक्षात ठेवणं, सही करून देणं हे सगळं त्याच्याकडे. त्याच्याशी बोलायला, त्याला जागं करायला, त्याचा लॉग बघायला ग्नूपीजीसोबत काही छोटे प्रोग्राम येतात: जीपीजीकॉन्फ, जीपीजी-कनेक्ट-एजंट, जीपीजी-प्रीसेट-पासफ्रेज, वॉचजीएनयूपीजी. ते वापरताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. आपण नेमक्या कुठल्या एजंटशी बोलतोय हे कुणी तपासलेलंच नसतं.

एजंट एकच आहे असं धरून चालणं

टर्मिनलवर कमांड चालते, तीच क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीतून) पडते. अशा वेळी पासफ्रेज बदलून बघणं, की पुन्हा इम्पोर्ट करणं हे उद्योग आधी थांबवा. दोन्हीकडून ‘जीपीजीकॉन्फ --लिस्ट-डर्स’ चालवा आणि उत्तरं शेजारी ठेवून वाचा. ग्नूपीजीची होम डिरेक्टरी (जिथे की आणि कॉन्फिग असतात) आणि एजंटचा सॉकेट (ज्या खास फाइलमधून प्रोग्राम एजंटशी बोलतात ती) या दोन ओळी जुळत नसतील, तर तुमचे एजंटही दोन आहेत आणि एकाला दिलेला पासफ्रेज दुसऱ्याला माहीत नाही.

लिनक्सवर हे सॉकेट बहुधा ‘/रन/यूजर’खाली, त्या युजरच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीत असतात. लॉगिन सेशन नसेल तर ती डिरेक्टरीच तयार झालेली नसते, मग ग्नूपीजी सॉकेट होम डिरेक्टरीत मांडतं. सुडोची (रूटच्या हक्काने कमांड चालवण्याची) तऱ्हा निराळी: काही मशीनवर होम जुन्या युजरचंच राहतं, काम मात्र रूटच्या नावाने होतं. मग तुमच्या डिरेक्टरीत रूटच्या मालकीच्या फायली पडून राहतात आणि दुसऱ्या दिवशी परवानगीच्या तक्रारी सुरू होतात.

टेस्टसाठी वेगळी होम डिरेक्टरी वापरणाऱ्यांनी तिचा पाथ आखूड ठेवावा. युनिक्स सॉकेटच्या पाथला लिनक्सवर १०८ बाइटची मर्यादा आहे, मॅकवर १०४. बिल्ड सर्व्हरच्या सात-आठ पातळ्या खोल टेम्पररी फोल्डरमध्ये हे सहज ओलांडलं जातं, आणि समोर येणाऱ्या एररवरून पाथच्या लांबीचा संशयही येत नाही.

वॉचजीएनयूपीजी चालू आहे, पण लॉग कोरा

हा प्रोग्राम एका सॉकेटवर कान लावून बसतो आणि ग्नूपीजीचे वेगवेगळे भाग तिथे लॉग पाठवतात. सगळ्यांचा लॉग एकाच खिडकीत दिसतो ही त्याची खरी सोय. चार लॉग फायलींवर ‘टेल’ कमांड चार वेळा लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण तो आपणहून कुणाचा लॉग ओढून आणत नाही. एजंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘लॉग-फाइल’ या पर्यायासमोर ‘सॉकेट://’ असं लिहावं लागतं, सोबत ‘व्हर्बोज’, आणि मग एजंट बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. ही तिसरी पायरी बरेच जण गाळतात. ‘जीपीजीकॉन्फ --किल जीपीजी-एजंट’ एवढंच पुरतं. पुढची कमांड आली की नवा एजंट आपोआप उठतो.

सॉकेटचा पाथ हाताने देत असाल तर ‘--फोर्स’ विसरू नका. मागच्या वेळची सॉकेट फाइल तिथेच राहिलेली असते, ती हटवल्याशिवाय प्रोग्राम सुरू होत नाही. आणि पाथ पाठ करून टाइप करण्यापेक्षा जीपीजीकॉन्फकडूनच घ्या, नाहीतर तुम्ही एका सॉकेटवर ऐकताय आणि एजंट दुसरीकडे बोलतोय, असं होतं.

एजंटचा लॉग येतो, पण खुद्द जीपीजी कमांडचा येत नाही? तिच्या बाबतीत ‘लॉग-फाइल’ हा पर्याय ‘--बॅच’ सोबत असेल तरच चालतो. मॅन्युअलमध्ये हे एका वाक्यात उरकलंय, त्यामुळे नजरेतून सुटतं.

एजंट सुरूच होत नसेल तर कॉन्फिगमधल्या स्पेलिंगकडे बघा. एक चुकीचा पर्याय असला तरी तो उठत नाही, आणि जीपीजी फक्त ‘एजंटशी जोडता आलं नाही’ एवढंच कळवतं. ‘जीपीजीकॉन्फ --चेक-ऑप्शन्स जीपीजी-एजंट’ थेट फाइल आणि ओळ क्रमांक दाखवतं.

प्रीसेट पासफ्रेज मध्यरात्री गायब

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हाच. संध्याकाळी सर्व्हरवर एजंटमध्ये पासफ्रेज आधीच भरून ठेवला, म्हणजे प्रीसेट केला, तपासून पाहिला, चाललं. रात्री दोनला बॅकअपवर सही करायची वेळ आली तेव्हा एजंट पुन्हा पासफ्रेज मागतो, आणि तो द्यायला तिथे कोणी नसतं.

प्रीसेट केलेला पासफ्रेज नेहमीच्या ६०० सेकंदांच्या मुदतीत जात नाही, हे खरं. पण ‘मॅक्स-कॅश-टीटीएल’ची कमाल मर्यादा त्यालाही लागू आहे, आणि ती मुळात ७२०० सेकंद, म्हणजे दोनच तास असते. ती वाढवा. दुसरं, एजंटला रीलोड केलं तरी अख्खा कॅश, म्हणजे लक्षात ठेवलेले सगळे पासफ्रेज, साफ होतो. कॉन्फिग ‘फक्त रीलोड’ करणारी एखादी देखभालीची स्क्रिप्ट मध्ये चालत असेल तर चोर तोच.

आता मुळात प्रीसेटच होत नसेल तर? एजंटच्या कॉन्फिगमध्ये ‘अलाऊ-प्रीसेट-पासफ्रेज’ हवं. ‘जीपीजी-प्रीसेट-पासफ्रेज’ ही कमांड सापडत नसेल तर ती नेहमीच्या पाथमध्ये नसते. डेबियनवर ‘/यूएसआर/लिब/ग्नूपीजी’मध्ये शोधा. आणि तिला फिंगरप्रिंट (कीची जाहीर ओळख) देऊ नका, कीग्रिप (एजंट ज्यावरून की ओळखतो तो आकडा) द्या. नेहमीच्या कीच्या बाबतीत दोन्ही ४० हेक्स अक्षरांचे, दिसायला सारखे, त्यामुळे चुकीचा आकडा दिला तरी कमांड मुकाट्याने स्वीकारते आणि आपण निर्धास्त राहतो. ‘--विथ-कीग्रिप’ लावून खासगी कीची यादी काढली की प्रत्येक सबकीचा (मुख्य कीखालच्या उपकीचा) कीग्रिप वेगळा दिसेल. सही ज्या सबकीने होते तिचाच घ्या.

खात्री करायला ‘जीपीजी-कनेक्ट-एजंट’ उघडून ‘कीइन्फो --लिस्ट’ विचारा. त्या कीच्या ओळीत कॅशच्या जागी १ असेल तर पासफ्रेज आत आहे. डॅश असेल तर नाही.

पासफ्रेज कमांड लाइनवर लिहू नका, एवढं तरी पाळा. त्याच मशीनवरचा कोणीही पीएस (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड) चालवून तो वाचू शकतो.

लॉग वाचून सही खरी ठरवणं

स्क्रिप्टमध्ये ‘गुड सिग्नेचर’ हे शब्द ग्रेपने शोधणारे अजूनही भेटतात. तो मजकूर माणसांसाठी आहे, मशीनची भाषा बदलली की तोही बदलतो. स्क्रिप्टसाठी ठरावीक साच्यातल्या स्टेटस ओळी देणारा ‘--स्टेटस-एफडी’ हा पर्याय आहे, पण त्यातही एक खड्डा आहे: स्टेटस आणि लॉग एकाच प्रवाहात सोडणं. २०१८ साली मार्कुस ब्रिंकमान यांनी दाखवून दिलेली सिगस्पूफ ही त्रुटी, क्रमांक सीव्हीई-२०१८-१२०२०, याच मिश्रणावर उभी होती. मेसेजच्या आत फाइलचं नाव साठवता येतं. त्या नावात नवी ओळ आणि खोटे स्टेटस संदेश भरले, आणि समोरच्याने ‘व्हर्बोज’ चालू ठेवून स्टेटस २ क्रमांकाच्या प्रवाहावर (जिथे लॉगही जातो) घेतला असला, की नसलेली सही खरी दिसायची. २.२.८ मध्ये ही त्रुटी दुरुस्त झाली, पण जुन्या स्क्रिप्टमध्ये तो २ अजून दिसतो. स्टेटसला स्वतंत्र क्रमांक द्या, आणि ‘व्हॅलिडसिग’ ओळीतला पूर्ण फिंगरप्रिंट आपल्याला हवा तोच आहे का ते जुळवा.

किरकोळ, पण रोजचं

‘इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’ अशी एरर एसएसएचवर दिसली तर ‘जीपीजी_टीटीवाय’ या व्हेरिएबलमध्ये ‘टीटीवाय’ कमांडचं उत्तर भरा. पासफ्रेजची चौकट भलत्याच टर्मिनलवर उघडत असेल तर जीपीजी-कनेक्ट-एजंटला ‘अपडेटस्टार्टअपटीटीवाय’ सांगा. परवानगीची तंबी आली तर ग्नूपीजीच्या डिरेक्टरीची परवानगी ७०० (फक्त मालकाला) करा.

आणि डीबगची पातळी ‘गुरू’वर नेली असेल तर काम झाल्यावर ती ओळ कॉन्फिगमधून काढा. या पातळीच्या लॉगमध्ये नको तेवढं उतरू शकतं. तो मदतीसाठी कुणाला पाठवण्याआधी स्वतः वाचा, आणि शक्य असेल तर खरी की न वापरता टेस्टसाठी बनवलेल्या कीवर तीच अडचण पुन्हा घडवून त्याचा लॉग पाठवा.