निबंध तपासताना ‘सजेस्टिंग’ वापरा
विद्यार्थ्याचा निबंध गूगल डॉक्समध्ये तपासताना शिक्षकांनी मजकूर थेट दुरुस्त करण्याऐवजी ‘सजेस्टिंग’ हा पर्याय निवडावा, म्हणजे मूळ वाक्य जागेवर राहते, सुचवलेला बदल वेगळ्या रंगात दिसतो आणि तो स्वीकारायचा की नाकारायचा हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. शुद्धलेखनासाठी एवढे पुरेसे आहे. परंतु परिच्छेदाची मांडणी विस्कळीत असेल, तर बदल न सुचवता ‘हे उदाहरण कोणत्या मुद्द्यासाठी दिले आहे?’ असा प्रश्न कॉमेंटमध्ये विचारणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण पुनर्लेखन मुलांच्याच हातून घडायला हवे. वर्गमित्रांना फाइल वाचायला देताना ‘कॉमेंटर’ (थेट बदल न करता शेरे व सूचना देणारा) एवढाच अधिकार द्यावा. गुण देण्यापूर्वी ‘व्हर्जन हिस्टरी’ (फाइलच्या आधीच्या आवृत्त्यांची नोंद) उघडून पहिला मसुदाही अवश्य पाहावा.