सीट बदलण्याआधी एक पुठ्ठा घ्या
सायकलची सीट टोचते म्हणून लगेच जाड जेलची गादी आणू नका. मऊ गादीत बुडाची दोन हाडं रुततात आणि दादरहून मरीन ड्राइव्हला पोहोचेपर्यंत मांड्यांमधला भाग बधिर होतो. खरी बघायची ती रुंदी. पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, टाचा उचलून, जरा पुढे वाकून त्यावर दाबून बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. नाहीच दिसले तर बोटांनी चाचपा. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, त्यात साधारण २० मिलिमीटर मिळवा आणि तेवढ्या रुंदीची सीट दुकानात मागा. बसवताना ती सपाट ठेवा, टोक वर नको. पेव्हर ब्लॉकवरून जाताना मात्र पेडलवर भार देऊन थोडं उठाच, चांगल्या सीटवरही तिथे पाठीला दणके बसतात.